लक्झेंबर्ग बागेतलं ऊन

चित्रात घडत असं काहीच नाही. मागे झाडांची दाट हिरवी भिंत, पुढे फिकट, उन्हाने जवळजवळ पांढरी झालेली वाळूची मोकळी जागा. खुर्च्यांवर बायका बसल्यात. कोणाच्या मांडीवर तान्हं बाळ आहे, जरा मोठी मुलं आसपास खेळतायत. कोणालाच कुठे जायची घाई नाही. सुट्टीच्या दिवशी बागेत जाऊन नुसतं बसून राहावं, तसं हे चित्र आहे.

आल्बर्ट एडेलफेल्ट या फिन्निश चित्रकाराने ते १८८७ साली पूर्ण केलं. बाग पॅरिसमधली, लक्झेंबर्ग नावाची. त्या नावाच्या देशाशी तिचा थेट संबंध नाही. तिथे आधी लक्झेंबर्ग घराण्याच्या एका ड्यूकची हवेली होती, तिचं नाव बागेला चिकटलं. चित्र चांगलंच मोठं आहे, सुमारे १.४ मीटर उंच आणि १.९ मीटर रुंद. मूळ चित्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. पण फिनलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने आपल्याकडच्या जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्यात, त्यामुळे मोबाइलवर दोन बोटांनी ताणून एकेक खुर्ची बघता येते. मी तसंच बघत आलोय.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे रात्रपाळीच्या डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे असले की बाहेरच्याला वाटतं, आज काही झालं नाही. आतल्याला माहीत असतं की ते हिरवे राहावेत म्हणून कोणीतरी काहीतरी केलेलं आहे, कालच नाही तर दोन वर्षांपूर्वी. त्यामुळे एखादी गोष्ट फार शांत दिसली की मला एकच प्रश्न पडतो: ही शांतता कोण राखतंय, आणि तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतोय? या चित्राला मी तोच प्रश्न विचारला. उत्तर शोधताना बराच इतिहास हाती लागला, तो इथे सांगतो.

आधी चित्रकार. एडेलफेल्टचा जन्म १८५४चा, फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्वो गावाजवळचा. घरात भाषा स्वीडिश. तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हता; रशियाच्या झारच्या ताब्यातलं ते एक संस्थान होतं. एडेलफेल्ट तेराचौदा वर्षांचा असताना तिथे भयंकर दुष्काळ पडला. १८६६ ते १८६८ या काळात उपासमारीने आणि तिच्या मागून आलेल्या साथींनी सुमारे दीड लाख माणसं दगावली. देशाची लोकसंख्याच अठरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे बारातेरा माणसांमागे एक गेला. त्या पिढीतल्या फिन्निश माणसाला शांत, भरल्या पोटाची दुपार ही काय चीज असते, हे वेगळं सांगायला लागत नसणार.

१८७४ साली तो पॅरिसला शिकायला आला. जेरोम या नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली इकोल दे बोझार या कलाशाळेत दाखल झाला. आणि तो आला ते पॅरिस भाजलेलं होतं. तीनच वर्षांपूर्वी शहराने आधी जर्मन सैन्याचा वेढा सोसला होता आणि त्यापाठोपाठ स्वतःच्याच सरकारशी लढाई केली होती. नगरपालिकेची भव्य इमारत जळाली होती, तिची पुन्हा बांधणी १८८२पर्यंत चालली. शहराच्या मधोमध असलेल्या त्वीलरी राजवाड्याचा काळवंडलेला सांगाडा १८८३पर्यंत तसाच उभा होता. म्हणजे एडेलफेल्टने पॅरिसमधली पहिली आठनऊ वर्षं हे अवशेष बघत काढली. नंतर त्याने शहराचं जे एक मोठं चित्र केलं, त्यात यातलं काहीच आलं नाही. आली ती बाग.

पण ती बागही काही कोरी जागा नव्हती.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चौथ्या हेन्री राजाची विधवा मारी द मेदिची हिने ती हवेली आणि आजूबाजूची जमीन विकत घेतली, नवा राजवाडा बांधायला घेतला आणि त्यामागे बाग लावली. राजेशाही बुडाली तेव्हा क्रांतिकारकांनी त्याच राजवाड्याचा तुरुंग केला. दाँतोंला गिलोटिनखाली नेण्याआधी इथे डांबलं होतं. ‘माणसाचे हक्क’ लिहिणारा टॉमस पेन इथेच कित्येक महिने कोठडीत होता. क्रांतीनंतर शेजारच्या मठाची जमीन मिळून बाग वाढली. त्या मठातल्या साधूंची फळझाडांची रोपवाटिका नामांकित होती. ती आता सगळ्या शहराची झाली.

मग आला ओस्मान. सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा हा अधिकारी जुन्या पॅरिसमधून रुंद सरळ रस्ते काढत होता. १८६५च्या नोव्हेंबरमध्ये फर्मान निघालं की लक्झेंबर्ग बागेचा मोठा तुकडा, रोपवाटिकेसकट, कापून रस्ते आणि घरांसाठी द्यायचा. आजूबाजूचे लोक खवळले. अर्ज झाले, सह्या गोळा झाल्या, वर्तमानपत्रांतून बोंबाबोंब झाली. सम्राटाने थोडी माघार घेतली, थोडी जमीन वाचली, पण रोपवाटिका गेलीच. बागेतला मेदिची कारंजा नव्या रस्त्यासाठी उचलून काही मीटर सरकवला गेला. आज पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात तेव्हा तो मूळ जागेवर नाही हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

एडेलफेल्टच्या चित्रातली झाडं म्हणजे अशी कापाकापी होऊन उरलेली झाडं आहेत. ती उरली त्यात, कोणी ती वाचवण्यासाठी सह्या केल्या होत्या, याचाही वाटा आहे. शांततेच्या खर्चाची ही पहिली नोंद, आणि त्यातल्या त्यात सौम्य.

दुसरी नोंद १८७१ची. मार्चमध्ये पॅरिसच्या लोकांनी सरकारला शहराबाहेर हाकलून स्वतःचं राज्य सुरू केलं, त्यालाच पॅरिस कम्यून म्हणतात. ते जेमतेम दहा आठवडे टिकलं. २१ मेला सरकारी फौज शहरात घुसली आणि पुढच्या आठवड्याला इतिहासात ‘रक्तरंजित आठवडा’ हेच नाव पडलं. २४ मे रोजी माघार घेताना कम्यूनच्या लोकांनी लक्झेंबर्गजवळचं दारूगोळ्याचं कोठार उडवून दिलं. त्या धमाक्याने आसपासचा सगळा भाग हादरला. मग फौजेने राजवाडा घेतला. तिथे लष्करी न्यायालय बसलं. निकाल झटपट लागत होते आणि ज्यांच्यावर ठपका बसला त्यांना शेजारच्या बागेतच गोळ्या घालत होते.

त्यातल्या एकाची गोष्ट मला विसरता येत नाही. तोनी म्वालँ नावाचा डॉक्टर. विचाराने समाजवादी, गरीब वस्तीत ओळखीचा. १८६९ साली त्याने एक पुस्तक लिहिलं होतं, सन २०००मधलं पॅरिस कसं असेल याची कल्पना करणारं. त्या पॅरिसमध्ये घरांच्या पहिल्या मजल्यावरून शहरभर छपराचे रस्ते जातात, म्हणजे पावसापाण्यात कोणाला भिजायला नको. कम्यूनमध्ये त्याने फार मोठी कामगिरी केली होती असंही नाही. पण त्याचे विचार धोक्याचे ठरले आणि त्याला मृत्युदंड झाला. त्याची सोबतीण गरोदर होती. तिच्याशी लग्न करण्यापुरती त्याला मुदत मिळाली, आणि २८ मे १८७१ रोजी लक्झेंबर्ग बागेत त्याला गोळ्या घातल्या.

त्या आठवड्यात शहरभरात किती माणसं मेली यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. सहासात हजारांपासून वीस हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. जिवंत पकडलेल्या हजारोंना तुरुंगात किंवा दूरच्या बेटांवर धाडलं गेलं. त्यांना सरसकट माफी मिळाली ती १८८०मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सची सिनेट लक्झेंबर्ग राजवाड्यात परत आली होती. बागेत रोजच्यासारखी माणसं येत होती. एडेलफेल्टने १८८६मध्ये हे चित्र सुरू केलं तेव्हा त्या मे महिन्याला पंधरा वर्षं झाली होती. आपल्या हिशोबात सांगायचं तर, आज कोणी २०१०-११च्या घटनेबद्दल बोलावं इतकं ते जवळ होतं. खुर्च्यांवर बसलेल्या बायकांपैकी तिशीच्या पुढच्या, शहरातल्या बाईला ते आठवत असणारच.

माझा एक मित्र, चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बघणारा, इथे मला अडवतो. त्याचं म्हणणं: ‘अरे, एक माणूस ऊन रंगवतोय. ते ऊन वाळूवर पडून वर कसं उसळतं, बाईच्या पांढऱ्या कापडाच्या सावलीत निळं कसं शिरतं, हे तो बघतोय. तू त्यात बंदुका कशाला आणतोस?’

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तो काळच मोकळ्या हवेतल्या उजेडाचा होता. हे चित्र १८८७ साली जॉर्ज पेतीच्या गॅलरीत लागलं त्या प्रदर्शनात मोने होता, रन्वार होता. एडेलफेल्टला त्या लोकांच्या गावात आपलं ऊन रंगवून दाखवायचं होतं. त्याने रक्त मुद्दाम झाकलं असा आरोप मी करत नाही. पण चित्र बघून झाल्यावर चित्रातल्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न बघणाऱ्याचा आहे. गोळ्या घातल्या ती बाग आणि मुलं खेळतात ती बाग, या दोन बागा नाहीत. उलट मला तर त्यामुळे ते ऊन जास्त मोलाचं वाटतं. पंधरा वर्षांपूर्वी जिथे हे घडलं तिथे लोक मुलांना घेऊन येऊन बसू शकतात, ही काही आपोआप होणारी गोष्ट नाही. त्यासाठी माफीचा कायदा व्हावा लागतो, लढाई थांबवावी लागते, आणि हो, काही गोष्टी बोलायच्या नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. शेवटची गोष्ट मला खटकते, पण तिच्याशिवाय ती बाग पुन्हा भरली असती असंही मला म्हणता येत नाही.

आता मुलांकडे येतो. चित्रात खरं राज्य त्यांचं आहे.

एडेलफेल्टचं पॅरिसमध्ये नाव झालं ते आधीच्या एका चित्राने. १८७९ साली पोर्वोजवळच्या हाइक्को इथे, समुद्रकाठी उघड्यावर उभं राहून त्याने ते रंगवलं: उन्हाळ्यातला उजेड, संथ पाणी, एक होडी, होडीत गावाकडची काही माणसं, आणि त्यांच्यामध्ये एक लहानशी शवपेटी. कोणाचं तरी मूल गेलंय आणि घरची माणसं त्याला पुरायला घेऊन चाललीत. कोणी आक्रोश करत नाही. पाणीसुद्धा हलत नाही. १८८०च्या पॅरिस सलोंमध्ये या चित्राला पदक मिळालं.

त्यानंतर १८८५मध्ये त्याने लुई पाश्चरचं चित्र केलं. पाश्चरचा मुलगा त्याच्या ओळखीचा होता, त्यामुळे त्याला थेट प्रयोगशाळेत उभं राहून काम करता आलं. चित्रात पाश्चर हातातल्या काचेच्या बाटलीकडे बघतोय. त्या बाटलीत सशाच्या मज्जारज्जूचा तुकडा वाळत लावलाय. रेबीजची लस त्यापासून बनत होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कुत्रा चावलेल्या जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती लस टोचली होती आणि तो वाचला होता. पुढच्या मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेली १९ माणसं एवढा प्रवास करून पाश्चरकडे आली. त्यातली १६ जगली.

ही प्रयोगशाळा उल्म रस्त्यावर होती. तिथून लक्झेंबर्ग बाग चालत दहाएक मिनिटांवर. स्मोलेन्स्कची माणसं ज्या वर्षी तिथे आली, त्याच वर्षी एडेलफेल्टने बागेचं चित्र हाती घेतलं.

ही तीन चित्रं, शवपेटीची होडी, पाश्चर आणि बाग, त्याने मालिका म्हणून काढली नाहीत. शेजारी शेजारी मी ठेवतोय. पण एका माणसाने आठ वर्षांत एक मेलेलं मूल, मुलांना मरणातून ओढून आणायच्या खटपटीत असलेला एक माणूस आणि खेळणारी मुलं असं रंगवावं, हे नुसत्या योगायोगावर सोडवत नाही. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये जन्मलेल्या साधारण सहा बाळांपैकी एक पहिला वाढदिवस बघत नसे. घटसर्पावर लागू पडणारं औषध यायला अजून सातेक वर्षं होती. पाश्चरची संस्था उघडली १८८८मध्ये. पुढे त्याच संस्थेत काम केलेला वाल्डेमार हाफकिन १८९६च्या प्लेगमध्ये मुंबईला आला, तिथे त्याने लस बनवली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिनचं नाव आपण पोलिओच्या डोसामुळे ऐकलेलं असतं, त्याचा उगम हा असा. पण हे सगळं नंतरचं. १८८७च्या त्या वाळूत बसलेल्या मुलांना अजून काहीच टोचलेलं नव्हतं, फार तर देवीची लस. प्रत्येक आईला, प्रत्येक दाईला ही आकडेवारी न वाचताही पाठ होती. बागेतल्या मोकळ्या हवेत मूल रोज न्यायचं, ही तेव्हा हौस कमी आणि औषध जास्त होतं.

आणि मूल नेणारी बाई बहुतेकदा त्याची आई नसायची.

खर्चाची तिसरी नोंद इथे आहे. खात्यापित्या पॅरिसकर घरांत बाळाला पाजायला पगारी दाई ठेवायची पद्धत होती. या दाया मोठ्या संख्येने बर्गंडीच्या डोंगराळ, गरीब मोर्व्हाँ भागातून यायच्या. मालकीण त्यांना चांगलं खायला घालायची, कारण दूध चांगलं हवं. लांब फितींची टोपी आणि झूल द्यायची, कारण दाईवरून घराची ऐपत कळायची. पगार गावच्या मानाने भरपूर. त्यातून गावाकडे घरं उभी राहिली. पण दूध यायचं तर दाई नुकती बाळंत झालेली हवी. म्हणजे तिचं स्वतःचं बाळ मागे गावात राहायचं, आजीकडे किंवा शेजारणीकडे, गाईच्या दुधावर, अस्वच्छ बाटलीवर. मोर्व्हाँमधल्या मोनो नावाच्या एका डॉक्टरने १८६०च्या दशकात या प्रकाराला धंदाच म्हटलं आणि त्यात गावची बाळं कशी मरतात ते लिहून काढलं.

अशा लिखाणातून ओरड वाढत गेली आणि २३ डिसेंबर १८७४ रोजी रुसेल कायदा झाला. तेओफिल रुसेल हा डॉक्टर असलेला लोकप्रतिनिधी त्याच्यामागे होता, म्हणून ते नाव. पैसे देऊन दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांवर सरकारी देखरेख आली. दुसऱ्याच्या घरी दाई म्हणून राहायला जाणाऱ्या बाईसाठी त्यात एक वेगळं कलम होतं. तिने आपल्या गावच्या महापौराचा दाखला आणायचा. दाखल्यात लिहिलेलं हवं की तिचं शेवटचं मूल जिवंत आहे की नाही, आणि ते सात महिने पुरे झालेलं आहे. आणि सात महिन्यांचं नसेल तर दुसरी कोणी बाई त्याला पाजते आहे.

मला या कलमाइतका त्या काळाचा नेमका कागद दुसरा सापडलेला नाही. सात महिने हा आकडा कोणीतरी टेबलावर बसून ठरवला असणार. त्याच्या आधी बाळाला आईचं दूध लागतं हे सरकारला मान्य होतं. त्याच्यानंतर ते दूध विकायला हरकत नव्हती.

एडेलफेल्टच्या चित्रातली कोणती बाई आई, कोणती नुसती सांभाळणारी आणि कोणती दूध पाजायला आलेली, हे मी बोट ठेवून सांगणार नाही. पण या बायका कडेला ढकललेल्या नाहीत, ही गोष्ट मला या चित्रात फार आवडते. श्रीमंत बाई आणि कामाला असलेली बाई एकाच उन्हात, एकाच वाळूवर, सारख्याच खुर्च्यांवर बसल्यात. या खुर्च्याही फुकट नव्हत्या. पॅरिसच्या बागांमध्ये बाकं मोफत असत, पण खुर्चीला काही सांतीम भाडं पडायचं आणि ते वसूल करत फिरणारी एक बाई असायची. दाईच्या खुर्चीचं भाडं अर्थात मालकीण देत असणार. ते मूल सावलीत नीट बसावं म्हणूनचा तो खर्च.

पुढच्या वेळी हे चित्र स्क्रीनवर आलं तर आधी ऊन बघा, ते खरंच सुंदर उतरलंय. मग बाळ मांडीवर घेतलेल्या बायकांशी थांबा. त्यांच्यात मोर्व्हाँहून आलेली कोणी असेल, तर घरात तिच्या पेटीत एक घडी घातलेला कागद असणार. महापौराची सही, तारीख, आणि तिचं मूल जिवंत आहे असं लिहिलेलं एक वाक्य. ते वाक्य त्या तारखेला खरं होतं. ती बागेत येऊन बसली तेव्हा त्या तारखेला किती महिने झाले होते, हा हिशोब तिने तिथे बसल्या बसल्या कितीदा केला असेल?